बरणीतला चमचा आणि अडलेलं वजन

पत्र : "माझं वय 43, मिरजेत शिक्षिका आहे. आठ महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी पोट लहान करायची स्लीव्ह सर्जरी झाली. वजन 112 वरून 81 वर आलं आणि गेले सहा आठवडे काटा हलायला तयार नाही. घरात चिकन-मटण होत नाही, अंडं मी खाते पण रोज एकच. म्हणून पीनट बटर सुरू केलं. सकाळी टोस्टला एक चमचा, शाळेतून आल्यावर एक, रात्री झोपताना एक. बरणीवर 'प्रोटीन 30 ग्रॅम' लिहिलंय. तीस त्यातून, तीस बाकीच्या जेवणातून, असे साठ भरतात हा माझा हिशोब. पण टोस्ट खाल्ला की छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं, तोंडाला पाणी सुटतं, दोनदा फेसाळ उलटी झाली. रात्री घशाशी आंबट येतं. सासूबाई म्हणतात, दाण्यानं पित्त होतं, बंद कर. बंदच करू का? घरी केलेलं चालेल का? उपवासाला काय करू? शाळेतल्या मैत्रिणीचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झालं, तिलाही मी हेच सुचवलंय."

ताई, बंद करायची गरज नाही. पण तुम्ही पीनट बटर प्रोटीनच्या खात्यात मांडलंय आणि ते बसतं तेलाच्या खात्यात. वजन अडण्यामागे मोठा वाटा या चुकीचा दिसतो. टोस्ट अडकण्याचं आणि रात्रीच्या आंबटपणाचं कारण वेगळं आहे, तिकडे नंतर येऊ.

आधी बरणी फिरवून मागचा तक्ता वाचा. पुढे ठळक छापलेले 30 ग्रॅम हे 100 ग्रॅममागे आहेत. तुम्ही दिवसाला 100 ग्रॅम खात नाही. मग किती खाता? घरात स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर बरणी झाकण काढून त्यावर ठेवा, काटा शून्य करा, आणि रोज जसा काढता तसाच चमचा भरून बाहेर काढा. काट्यावर उणे आकडा दिसेल, तेवढं पीनट बटर तुमच्या चमच्यात आलं. सपाट पोह्यांचा चमचा 15-16 ग्रॅमचा होतो. पण पीनट बटर कुणी सपाट काढत नाही. ते चमच्याच्या वर ढीग करतं, खालच्या बाजूलाही चिकटतं, आणि सहज 25 ग्रॅम भरतं. बहुतेकांना हा आकडा पहिल्यांदा खरा वाटत नाही, काटा बिघडलाय असं वाटतं.

25 ग्रॅम धरून तुमचा दिवस मांडू. तीन चमचे म्हणजे 75 ग्रॅम. त्यात सुमारे 450 कॅलरी, जवळजवळ 37 ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि बरणीवरचा आकडा प्रमाण मानला तरी 22 ग्रॅम प्रोटीन. 37 ग्रॅम स्निग्ध म्हणजे आठ चहाचे चमचे तेल. आठ चमचे तेल घातलेली भाजी समोर आली असती, तर तुम्ही ताट मागे सारलं असतं. सर्जरीनंतर आठव्या महिन्यात बहुतेकांचं दिवसाचं खाणं हजार-अकराशे कॅलरींच्या आसपास असतं. त्यातला चाळीस टक्के वाटा या तीन चमच्यांनी उचलला. वर प्रोटीन साठ न भरता 52 वरच थांबलं.

शिवाय दाण्याच्या प्रोटीनमध्ये लायसिन हा घटक कमी असतो. अंडं, दूध, पनीर, सोयाबीन यांच्या तोडीचं ते नाही. डाळीत लायसिन भरपूर असतं, म्हणून वरणाबरोबर किंवा दह्याबरोबर दाणा खाल्ला तर उणीव भरून निघते. नुसता चमचा चाटून ती भरत नाही.

आता हे पोटात कसं जातं ते बघा, कारण खरी गोम तिथे आहे. स्लीव्हमध्ये पोटाचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी उरते. ही नळी घट्ट, चावून खाल्लेल्या घासांनी भरते, ताणली जाते आणि 'बास' असा निरोप देते. चिकनचे चार तुकडे, पनीरचे पाच तुकडे, मोडाची उसळ, यांनी ते काम होतं. पीनट बटर जिभेवर वितळतं आणि जागा न व्यापता ओघळत खाली उतरतं. नळीला ताण पडत नाही, पोट भरल्याचा निरोप येत नाही. आइस्क्रीम, चहात बुडवलेलं बिस्कीट, फरसाण, चॉकलेट सगळे याच जातीचे. पोट लहान करूनही वजन परत चढतं ते बहुधा याच घसरत्या खाण्यावर. त्यातून भुकेची जाणीव देणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः पोटाच्या काढून टाकलेल्या वरच्या भागात तयार होतं, म्हणून पहिले काही महिने भूक मेलेली असते. सात-आठ महिन्यांनी ती हळूहळू जागी होते. शाळेतून दमून आल्यावर बरणीकडे हात जातो तो या काळातच. त्यात दोष मानू नका, पण बरणी डोळ्यांसमोर ओट्यावर ठेवू नका.

टोस्टचं. पीनट बटर लाळ शोषून घेतं, ब्रेडही शोषून घेतो. दोन्ही मिळून तोंडात कणकेसारखा गोळा होतो. एरवी माणूस वर पाणी पितो, तुम्हाला जेवताना पाणी वर्ज्य. तो गोळा तसाच चिकट खाली उतरतो आणि नळीच्या मधल्या वळणापाशी, जिथे ती सगळ्यात अरुंद असते, तिथे थबकतो. मग छातीत दडपण, तोंडाला पाणी आणि फेसाळ उलटी. त्या फेसात अन्न फारसं नसतं. अडकलेल्या घासाला पुढे ढकलायला शरीरानं सोडलेली ती लाळ आणि चिकट स्राव. कडक भाजलेला पातळ टोस्ट मऊ पावापेक्षा बरा, पण पीनट बटर आणि ब्रेड ही जोडी सर्जरीनंतर पहिलं वर्षभर तरी आम्ही कुणालाच सांगत नाही. ताजा पाव, मऊ पोळीची गुंडाळी आणि चिकट भात यांचंही असंच होतं.

पुन्हा अडकलं तर खाणं तिथेच थांबवा. वर पाणी पिऊन ते खाली लोटायला जाऊ नका, जागा नसल्यानं पाणी उलट येतं आणि कळ वाढते. उभं राहा, सावकाश येरझाऱ्या घाला. बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात मोकळं होतं. त्या दिवशी पुढचं जेवण पातळ ठेवा, सूप किंवा ताक. पण पातळ पदार्थही अडकायला लागले, दिवसभर पाणी टिकेना किंवा अडकणं आठवड्यातून तीन-चारदा होऊ लागलं, तर पीनट बटरला दोष देत बसू नका. नळी आकसली असू शकते, ते दुर्बिणीनं बघावं लागतं, सर्जनकडे जा. आणि उलट्या अनेक दिवस चालू राहून हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, एकाचे दोन दिसणं यातलं काहीही जाणवलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व संपल्याची ही खूण असते आणि उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते.

सासूबाईंचं पित्त अर्धं बरोबर आहे. स्निग्ध पदार्थ पोटातून सावकाश पुढे सरकतात. स्लीव्हच्या अरुंद नळीत आधीच दाब जास्त असतो, त्यामुळे आम्लता वर येण्याचा त्रास या सर्जरीनंतर अनेकांना होतो. रात्री झोपताना घेतलेला चमचा पोटात असतानाच तुम्ही आडव्या होता, मग घशाशी येणारच. दाण्याऐवजी साय खाल्ली असती तरी आलं असतं. शेवटचं खाणं आणि झोप यांत किमान अडीच-तीन तास ठेवा. रात्रीचा चमचा मात्र साफ बंद, त्यात आम्ही काही सूट देणार नाही.

आणखी एक पित्त आहे, खरंखुरं, पित्ताशयातलं. वजन भरभर उतरतं तेव्हा पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच अनेक सर्जन पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. तुमच्या त्या गोळ्या आता संपल्या असतील. स्निग्ध खाल्ल्यावर तासाभरात उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात मध्यावर कळ येऊन पाठीत, उजव्या खांद्याकडे जात असेल तर सोनोग्राफी करून घ्या. तुमच्या पत्रात असं दुखणं नाही, पण लक्ष असू द्या.

तर मग खायचं कसं? पुढचे चौदा दिवस बरणी बंद ठेवा. शिक्षा म्हणून नाही. वजन अडण्यात तिचा हात किती, हे दोन आठवड्यांत कळेल. वजन उतरणं साधारण वर्ष-दीड वर्ष चालतं आणि मध्ये असे टप्पे येतातच, त्यामुळे सगळं खापर दाण्यावर फोडायचीही घाई नको. पंधराव्या दिवसापासून दिवसाला 10 ग्रॅम, काट्यावर मोजून. म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे, साठ कॅलरी. पुढे वजन पुन्हा उतरायला लागलं तर 15 ग्रॅमपर्यंत जा. त्यापुढे नाही.

हे 10 ग्रॅम नुसते खायचे नाहीत, ज्यात प्रोटीन आहे आणि जे चावावं लागतं किंवा निदान घट्ट आहे, त्याला लावायचे. आमच्या मते सगळ्यात चांगला प्रकार चक्क्याचा. टोन्ड दुधाचं 200 ग्रॅम दही मलमलच्या फडक्यात फ्रिजमध्येच तीन-चार तास टांगा, साधारण शंभर ग्रॅम चक्का निघतो. त्यात पीनट बटर, चिमूटभर मीठ, जिरेपूड आणि भाजलेल्या हिरव्या मिरचीचा किंचित ठेचा घालून फेटा. चमच्यानं सावकाश खा, वीस मिनिटं लावा. साखर घालून श्रीखंडाकडे नेऊ नका. दुसरा प्रकार रश्श्याचा. 10 ग्रॅम पीनट बटर तीन चमचे कोमट पाण्यात किंवा ताकात घोटून पातळ करायचं, त्यात लिंबू आणि तिखट, आणि तव्यावर परतलेल्या पनीरच्या किंवा टोफूच्या तुकड्यांवर घालायचं. आधी पाण्यात घोटलं की चिकटपणा मोडतो, मग छातीत अडकत नाही. ताकात घोटताना ते सुरुवातीला फाटल्यासारखं घट्ट होतं, घाबरून जास्त पीनट बटर घालू नका, आणखी एक चमचा ताक घाला, सारखं होतं.

शेकमध्ये मात्र नको. आठव्या महिन्यात पिण्याच्या कॅलरी वाढवायचं काही कारण नाही.

गेलेलं प्रोटीन कुठून आणायचं ते पाहू. सकाळच्या एका अंड्याला आणखी एका अंड्याचा पांढरा जोडा, दोन्ही मिळून 10 ग्रॅम आणि नव्वद कॅलरी. संध्याकाळी वरचा चक्का, दह्याचे 6 आणि दाण्याचे अडीच ग्रॅम. रात्री 7 वाजता नेहमीच्या दुधात व्हे प्रोटीन पावडरचा अर्धा स्कूप, सुमारे 12 ग्रॅम. सगळं मिळून 30 ग्रॅम आणि तीनशे कॅलरी. हे सकाळचं तुमचं नेहमीचं अंडं नव्यानं मोजल्यासारखं झालं, म्हणून दुपारच्या जेवणात 30 ग्रॅम पनीर वाढवा, तेवढी भरपाई होते. त्याचे ऐंशी-नव्वद कॅलरी धरूनही तुमच्या आताच्या हिशोबापेक्षा बेरीज खाली राहते आणि साठ खरेच भरतात. ताटात प्रोटीन आधी, मग भाजी, भाकरी शेवटी. भाकरीला जागा उरली नाही तर नाही उरली.

आता आपल्या घरातली एक पळवाट. बरणी बंद केली तरी दाण्याचा कूट चालूच असतो. कोशिंबिरीत, भेंडीवर, भरल्या वांग्यात, आमटीत, शिवाय ताटात चटणी. कूट आणि पीनट बटर यांत फरक फक्त दळण्याचा आहे. सपाट पोह्यांचा चमचा कूट सुमारे 8 ग्रॅम, पंचेचाळीसेक कॅलरी. मूठभर कूट 25 ग्रॅमच्या घरात जातो. ज्या दिवशी काकडीच्या कोशिंबिरीत तुमच्या वाट्याला चमचाभर कूट आला, त्या दिवशी चक्क्यात पीनट बटर नाही, एवढं धरून चला. सोलापुरी शेंगदाणा चटणी चवीला बोटभर ठीक आहे, ती मुळातच तेल सुटेपर्यंत कुटलेली असते. चिक्की आणि गुळाचा दाण्याचा लाडू मात्र लांब ठेवा. स्निग्ध आणि गूळ एकदम, वर घसरता. पोटाची बायपास (अन्नाचा रस्ता वळवणारी) सर्जरी झालेल्यांना तर गूळ-साखरेनं डम्पिंग होतं : खाल्ल्यापासून दहा ते तीस मिनिटांत घाम, धडधड, मळमळ, जुलाब. स्लीव्हमध्ये ते कमी असतं, होतच नाही असं नाही.

घरी केलेलं चालेल, विकतच्या बहुतेक बरण्यांपेक्षा चांगलं. दीडशे ग्रॅम दाणे घ्या. आधी निवडा : सुरकुतलेला, काळसर, हिरवट किंवा कुबट वासाचा दाणा टाकून द्या. बुरशी लागलेल्या दाण्यात अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकतं आणि भाजून ते पुरतं जात नाही. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. मोठ्या आचेवर साल करपतं, आत दाणा कच्चा राहतो आणि तेल सुटत नाही. पूर्ण गार करून सालं पाखडा. मिक्सरच्या लहान भांड्यात तीस सेकंद फिरवा, थांबा, कडा खरवडून खाली घ्या, परत फिरवा. आधी कूट होईल, मग भांड्याच्या कडेला ओलसर गोळे चिकटतील. इथे बऱ्याच जणी धीर सोडून तेल किंवा पाणी घालतात. तेलानं फुकट कॅलरी वाढतात आणि पाण्यानं चार दिवसांत वास येतो. काहीही घालू नका, मिक्सरला पाच मिनिटं विश्रांती द्या आणि पुन्हा फिरवत राहा. पाच-सात फेऱ्यांनंतर दाणा स्वतःचं तेल सोडतो आणि पातळ, चकचकीत होतो. जितकं पातळ, तितकं तुमच्या पोटाला सोपं. भरड ठेवू नका.

विकतचं घ्यायचं तर घटकांची यादी बघा. वजनानं जास्त ते आधी लिहितात. दाणे आणि फार तर मीठ, एवढीच यादी हवी. साखर, मध, गूळ, चॉकलेट किंवा हायड्रोजनेटेड तेल दिसलं की ठेवून द्या. 'शुगर फ्री' लिहिलेल्यात माल्टिटॉल असेल तर पोट गुबारतं आणि जुलाब होतात. वर तेल तरंगणं हा दोष नव्हे, उलट त्यात घट्ट करणारं तेल घातलेलं नाही याची ती खूण. ते ओतून टाकावं का, असं पुष्कळजणी विचारतात. कॅलरी कमी होतात खऱ्या, पण खाली उरतं ते रंगाऱ्याच्या पुट्टीसारखं कोरडं आणि चिकट, म्हणजे तुमचा अडकण्याचा त्रास दुप्पट. ढवळून घ्या आणि कमी खा. तेल बरंचसं काढलेली पीनट पावडर मिळते, 12 ग्रॅमला पन्नास-साठ कॅलरी आणि पाच-सहा ग्रॅम प्रोटीन. परवडत असेल तर ती उत्तम. स्वस्तात तेच म्हणून घाण्यावरची शेंगदाण्याची पेंड मात्र आणू नका. ती गुरांसाठी असते, आणि दाण्यात अफ्लाटॉक्सिन असेल तर ते तेलापेक्षा पेंडीतच जास्त राहतं.

उपवास. साबुदाण्याची खिचडी म्हणजे चिकट पिष्ट, बटाटा आणि मूठभर कूट, तुमच्या पोटाला एकाच वाटीत तिन्ही अडचणी. ती सोडा. त्या दिवशी पनीर 60 ग्रॅम साजूक तुपाच्या थेंबावर जिरं-मिरचीत परतून, चक्का, दूध, आणि पातळ दाण्याची आमटी अर्धी वाटी, कूट 10 ग्रॅम मोजून. आमटीबरोबर दोन चमचे मऊ वरीचा भात चालेल. निर्जळी उपवास मात्र नको. एरवीच दीड-दोन लिटर पाणी घोट घोट भरता भरता दिवस संपतो, चुकलेलं पाणी एकदम पिऊन भरून काढता येत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर उपवासाआधी डॉक्टरांशी बोला.

राहिली मैत्रीण. तिला आजच फोन करा. तिसऱ्या आठवड्यात ती बहुतेक प्युरीच्या, म्हणजे सगळं वाटून मऊ केलेलं खाण्याच्या टप्प्यावर असेल, टाके आतून अजून भरताहेत, आणि घट्ट पीनट बटरचा चमचा अडकून ओकारी आली तर तो ताण नको. काही हॉस्पिटलं या टप्प्यात चमचाभर पातळ केलेलं, दाण्याचा कण नसलेलं पीनट बटर देतात, काही दोन महिने अजिबात देत नाहीत. तिला मिळालेल्या तक्त्यात काय लिहिलंय तेच चालायचं, तुमचं नाही आणि आमचंही नाही. अख्खे दाणे तर तिला तीन महिने तरी नकोतच. आणि तिची सर्जरी स्लीव्ह आहे की बायपास, तेही विचारा. बायपास असेल तर साखर किंवा मध घातलेलं पीनट बटर तिला देऊ नका.